फोटोवाल्याचा कोट

रविवार कारंज्याजवळचा आमचा फोटोवाला प्रत्येक पुरुष गिऱ्हाइकाला दुकानातला एकुलता एक कोट चढवायचा आणि दरडावायचा, "हलू नका, हसू नका!" मी मुलींच्या शाळेतली बाई. एकदा मीच तो कोट मागितला. तो जराही दचकला नाही. माझ्या डोक्यावर टोपी तिरकी ठेवत म्हणाला, "बाई, हात खिशात घाला. आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही." फोटोत मी हुबेहूब माझ्या भावासारखी दिसले.

मग माझी शाल पांघरून, कानामागे मोगरा खोवून तो स्वतःच खुर्चीत बसला. मिशी तशीच. "आता तुम्ही काढा."

मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून ओरडले, "हलू नका, हसू नका!"

तो खुदकन हसला. फोटो हलला. त्याने तोच चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावला.

बघून कुणी फिदीफिदी करू लागलं, की मी दरडावते, "हसू नका!"