उशीखालची बक्षिशी

हॉटेलात उतरलो की खोली आवरणाऱ्या माणसाला मी बक्षिशी हातात देतो. चार लोकांसमोर देतो. सोबत एक चिठ्ठीही देतो: खोलीचा नंबर, तारीख, 'हे पैसे मी आपखुशीने दिले आहेत', आणि खाली सही. हिंदीत लिहितो, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात. मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेले मेहुणे आमच्याबरोबर बनारसला आले होते. रिसेप्शनवर उभं राहून मी चिठ्ठी लिहायला लागलो, तर ते म्हणाले, "काय दाजी, सरळ पावतीबुकच छापून घ्या ना! मंडळाची वर्गणी देताय की काय?" काउंटरवरची मुलगीही हसली. हसू दे. मी सही केली.

हल्ली याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही आणि लाजतही नाही. पण चिठ्ठी का, हे मात्र सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला अर्धंच माहीत होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वनस्पतींवर काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लखनौला आलो आणि इंदिरा नगरात घर करून राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींत मी कमीच बोलतो. वडीलही तसेच. कुठे लॉजवर उतरलो की निघताना ते उशीखाली पैसे ठेवायचे. देणाऱ्याने समोर उभं राहू नये, घेणाऱ्याला संकोच होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार सभ्य वाटायचं, म्हणून मीही तसंच करत आलो. खरं सांगायचं तर संकोच घेणाऱ्याचा नव्हताच. पैसे हातात द्यायचे तर दोन शब्द बोलावे लागतात, डोळ्यांत बघावं लागतं. ते मला नको असायचं.

त्या वर्षी संस्थेत मोठी परिषद होती. पाहुण्यांना सरोजिनी नगरला, विमानतळाच्या जवळच्या एका हॉटेलात उतरवलं होतं. व्यवस्था माझ्याकडे, म्हणून मीही तीन दिवस तिथेच. आधीच्या बैठकीत आमचे संचालक म्हणाले होते, "हॉटेल को सर्विस चार्ज जा रहा है। टिप-विप कुछ नहीं। एक देगा तो सबको देना पड़ेगा। नोटिस निकालिए।" मी नोटीस काढली. 'कृपया हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना बक्षिशी देऊ नये.' खाली माझं नाव, माझा हुद्दा. प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत एकेक कागद मीच घालायला लावला.

माझी खोली आवरायला एक बाई यायच्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवशी माझा खोकला ऐकून दारातूनच म्हणाल्या, "साहब, गरम पानी रख दें?" दुसऱ्या दिवशी टेबलावर थर्मास. मी झाकण उघडलं तर ओव्याचा वास. "अजवाइन डाल दी है। मुँह मत बनाइएगा, पी लीजिएगा।" तिसऱ्या दिवशी चादर झटकता झटकता म्हणाल्या, "आज खाँसी छुट्टी पर है क्या?" मी हसलो. यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

निघायच्या सकाळी मी उशीखाली पैसे ठेवले. टेबलावर माझीच नोटीस पडली होती. ती उलटी केली आणि बाहेर पडलो.

त्या हॉटेलात एक नियम होता, तो मला ठाऊक नव्हता. पाळी सुरू होताना प्रत्येकाने आपल्याजवळचे पैसे गेटवर लिहून द्यायचे, आणि घरी जाताना पिशवी दाखवायची. खोलीत सापडलेले पैसे म्हणजे पाहुण्याची विसरलेली वस्तू. ती जमा करायची. पाहुण्याने लिहून ठेवलं असेल किंवा तोंडाने सांगितलं, तरच ते पैसे कर्मचाऱ्याचे. म्हणजे मी ज्याला सभ्यपणा समजत होतो, तो त्या गेटवर चोरी ठरत होता.

दुपारी आम्ही सगळे लॉबीत. गाड्या लागल्या होत्या. सुपरवायझर आला, अत्यंत अदबशीर माणूस. "सर, ज़रा-सी तकलीफ़ देनी थी। कमरे में कुछ पैसे आपने हमारे स्टाफ के लिए छोड़े थे क्या?"

मी बोलायच्या आत शेजारी चहाचा कप घेऊन उभे असलेले संचालक हसत म्हणाले, "अरे, ये? ये छोड़ेंगे? नोटिस तो इन्होंने ही निकाली है!" दोन पाहुणेही हसले.

बाजूच्या दारापाशी बाई उभ्या होत्या. हातात डब्याची पिशवी, गेटवर उघडून पाहिलेली.

मी म्हणालो, "मुझे ध्यान नहीं।"

"कोई बात नहीं सर, आप परेशान न हों," सुपरवायझर म्हणाला.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहब भूल गए होंगे। काम भी तो कितना था इनको।" द्यायची तर सबब मी द्यायला हवी होती. ती त्यांनी मला दिली.

त्या महिन्यात माझ्या बढतीची फाइल संचालकांच्या टेबलावर होती. हे सवलत मागायला सांगत नाही. होती, म्हणून सांगतो. गाडी कानपूर रोडला लागली तेव्हाही मागे वळता आलं असतं. संचालक बढतीबद्दल काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. बढती मिळाली.

घरी आल्यावर मी इतकंच सांगितलं की हॉटेलातल्या एका बाईवर काहीतरी गैरसमजुतीने संशय आलाय. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी हिंदीत. "तो बाबा, आप फ़ोन करके बोल दो ना। इसमें सोचना क्या है?"

"तू गप्प बस गं," बायको म्हणाली, "त्यांच्या ऑफिसचं काहीतरी असेल."

मी त्या 'ऑफिसचं काहीतरी'च्या आड बारा दिवस बसलो. बारा दिवस! तेराव्या दिवशी रजा टाकली, एक पत्र लिहिलं आणि हॉटेलात गेलो. पत्रात लिहिलं होतं: पैसे मी ठेवले होते, त्या बाईंसाठीच ठेवले होते, मला विचारल्यावर मी खोटं बोललो. खाली नाव आणि हुद्दा, नोटिशीखाली होता तसाच.

मॅनेजरने पत्र वाचून घडी घातली. "सर, वो मामला तो उसी दिन ख़त्म हो गया था।"

"बाई कुठे आहेत?" मी हिंदीत विचारलं.

"काम छोड़ दिया।"

"छोड़ दिया या छुड़वा दिया?"

"चाय लेंगे सर?"

चहा नको म्हटलं. पत्राच्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारून द्या, म्हटलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, शिक्का अकाउंट्समध्ये आहे, अकाउंट्सवाले जेवायला गेलेत. अकरापासून साडेतीनपर्यंत मी त्या लॉबीत, त्याच सोफ्यावर बसून होतो. या वेळी माझं गप्प बसणं हॉटेलवाल्यांना जड गेलं असेल. शेवटी शिक्का मिळाला. "हम उनको वापस बुला लेंगे सर," असंही मॅनेजर म्हणाला.

पत्ता गेटवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने दिला. जवळच्याच वस्तीत, गल्लीतलं तिसरं घर. दार सुनेने उघडलं. आत भिंतीशी एक पत्र्याचं कपाट होतं आणि त्याला नवंकोरं कुलूप. माझी नजर तिकडे गेलेली बाईंनी पाहिली. "उसी दिन का है," त्या म्हणाल्या. सून पदर सारखा करत खाली बघत राहिली.

तेव्हा मला कळलं की नोकरी ही लहान गोष्ट होती. या घरात दोन बायका राहत होत्या, आणि सुनेने सासूवरच्या संशयाने कपाटाला कुलूप लावलं होतं. ते मी लावलं होतं.

मी पत्र काढलं आणि पुटपुटत वाचायला लागलो.

"ऐसे नहीं," बाई म्हणाल्या. "बाहर आइए। ज़ोर से पढ़िए, बगल वाले भी सुन लें।"

मी उंबऱ्याबाहेर, गल्लीत उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं. समोरच्या खिडकीतून एक बाई डोकावली, दुकानापाशी उभे असलेले दोघे जवळ आले. 'मी खोटं बोललो' या ओळीला आवाज घसरला. बाई म्हणाल्या, "ये वाला फिर से।" ती ओळ मी पुन्हा वाचली.

हॉटेलवाले परत बोलावणार आहेत, असं मी सांगितलं. "वहाँ? अब नहीं जाऊँगी। काग़ज़ दे दीजिए।" शिक्का मारलेली प्रत त्यांनी घेतली आणि सुनेच्या हातात दिली, स्वतः ठेवली नाही. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "माफ़ी रहने दीजिए। एक बात बताइए। आपको ध्यान था न?"

"था।"

"बस," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी गल्लीतून निघालो तेव्हा मागे कपाटाच्या दाराचा आवाज झाला. कुलूप निघालं की आणखी काही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क नव्हता.

त्या गल्लीत मोठ्याने वाचलं, पण माझ्या लोकांत नाही. तिथे मी पुढची सहा वर्षं चिठ्ठ्या देत राहिलो आणि टोमणे ऐकत राहिलो.

यंदा पुन्हा परिषद आली, व्यवस्था पुन्हा माझ्याकडे. संचालक तेच, निवृत्तीला आलेले. बैठकीत म्हणाले, "वो पुरानी नोटिस निकाल लीजिए, तारीख बदल दीजिए।"

मी म्हटलं, "नाही बदलणार." घाईत मराठीतच म्हणालो. मग हिंदीत सगळं सांगितलं: उशी, थर्मास, लॉबी, कुलूप. अकरा माणसं ऐकत होती. कुणाचा चहा संपला नाही.

"तो उस दिन बोले क्यों नहीं?" संचालकांनी विचारलं.

"आप बगल में खड़े थे, इसलिए।"

नवी नोटीस मी लिहून नेली होती. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण जिने तीन दिवस खोली आवरली तिची चौथ्या दिवशी सुट्टी असू शकते. उशीखाली, बशीखाली काही ठेवू नका. हातात द्या, आभार माना, दोन ओळी लिहून द्या आणि सही करा. द्यायचं नसेल तर देऊ नका; पण दिलं असेल तर विचारल्यावर हो म्हणा.

"ये मैं अप्रूव नहीं करूँगा," संचालक म्हणाले. "संस्थेच्या कागदावर शोभतं का हे?" हे शेवटचं अर्थात हिंदीत.

"मग काट मारा आणि खाली तुमची सही करा," मी म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. काट मारली नाही, सहीही केली नाही.

कागद सगळ्या पिशव्यांत गेला. या खेपेला मी स्वतःच्या हाताने घातला. खाली माझं नाव आहे, माझा हुद्दा आहे.