रेडकू

हिंगोली जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत माझे धाकटे मामा पाठमोरे शिरलेले आहेत. मामांची बँड पार्टी होती. ते स्वतः मोठा ढोल वाजवत आणि वऱ्हाडाकडं पाठ करून वाजवणं म्हणजे पंगतीकडं पाठ करून वाढणं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळं बाकीचे वाजवणारे पुढं बघून चालायचे आणि मामा वऱ्हाडाकडं तोंड करून उलटे. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत, देवळापासून मांडवापर्यंत, चिखलातून, धोंड्यांतून, कधी कुणाच्या गोठ्यातूनही. एकदा ते तसेच मागं मागं जात गुरांच्या हौदात बसले आणि ठेका न चुकवता वाजवत राहिले. एखाद्या नव्या गावाहून परतल्यावर मामी विचारायची, "गाव कसं होतं?" मामा म्हणायचे, "म्होरचं न्हाई सांगता यायचं. माघं राहिलेलं चांगलं होतं."

गोरेगावात जीपा उभ्या राहतात त्या जागेच्या मागं त्यांची एक खोली होती. नव्वदच्या दशकात आमच्या भागात बँड पुष्कळ होते, पण ते वाजवायचे. मामांचा बँड अंगात यायचा. क्लॅरिनेट वाजवायला चाचा होते, बारीक, गंभीर चेहऱ्याचे, दाढीला मेंदी लावणारे. तांड्यावरचा एक जण ढकलगाडीवर बॅटरी आणि भोंगा ठेवून कॅसिओ वाजवायचा. सगळ्यांना लाल कोट शिवताना शिंप्याचं कापड कमी पडलं, म्हणून कॅसिओवाल्याच्या वाट्याला हिरवा कोट आला. तो नाराज झाला, तेव्हा मामांनी त्याला समजावलं, "अरे, आमी समदे लाल. सारे लाल असले तर वरात हालंल कशी? तुझ्याकडं बघून तर लोक म्होरं सरकतेत." तेव्हापासून तो कोट तो इतर दिवशीही घालून हिंडायचा.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्याला परण्या म्हणतात, आणि मुहूर्त टळतो तो इथंच. मामांच्या परण्यात तर मुहूर्ताची कुणी आशाच धरत नसे. ढोल गळ्यात घेऊन ते असे उड्या मारायचे की ढोल त्यांनी अडकवलाय की त्यांना ढोलानं, हे कळायचं नाही. ज्यांच्या गुडघ्यांपुढं वैद्यांनी हात टेकले होते असे म्हातारे त्या परण्यात नाचलेले मी पाहिलेत. मी स्वतः कधी नाचलो नाही. मी कडेला पुस्तक काखेत धरून उभा असे. मामा लांबून ओरडत, "भाचे, पान मुडपून ठेवा अन् या." पण त्यांनी मला ओढून नेलं नाही कधी.

शिरड शहापूरला एकदा एकाच तिथीला दोन लग्नं होती. मामा उलटे चालत आलेले, बाकीचे त्यांच्या तालात गुंगलेले. सगळा परण्या थेट दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात घुसला. तिथल्या बायकांनी लगबगीनं आरतीचं ताट आणून आमच्या नवरदेवाला ओवाळलं. बाशिंगाच्या आडून त्याला समोर आणखी एक नवरदेव बसलेला दिसला, तेव्हा कुठं घोटाळा उमगला. मामा शांतपणे म्हणाले, "बदली करता येत न्हाई. परण्या वळवा." परण्या वळला, पण त्या मांडवातलं वऱ्हाडही बँडच्या मागं निघालं. मागं राहिले ते तिथले गुरुजी आणि तो दुसरा नवरदेव. दोघं एकमेकांकडं बघत बसले होते.

मामांच्या बँडचं खरं नाव झालं ते मात्र 'रेडकू'मुळं. चाचा क्लॅरिनेट घेऊन गर्दीच्या एका टोकाला हरवायचे आणि तिथून हुबेहूब रेडकागत ओरडायचे. दुसऱ्या टोकाला मामा तांब्यात अंगठा भिजवायचे आणि ढोलाच्या कातड्यावरून दाबून घासायचे. त्यातून म्हशीचं असं हंबरणं निघायचं की आसपासच्या गोठ्यांतून उत्तरं यायची. मग शोधाशोध. म्हैस रेडकाला शोधतेय, रेडकू म्हशीला. चाचा आपल्या त्या गंभीर चेहऱ्यानं सरपंचाच्या उपरण्याखाली वाकून बघायचे, मामा वरमाईला विचारायचे, "बाई, तुमच्याकडं तर न्हाई आलं?" माणसं पोट धरून खाली बसायची. शेवटी दोघं भेटायचे, आणि मग जो ठेका सुटायचा त्यात गाव जागेवर उभं राहत नसे.

इतकं सगळं असून मामांचा एक नियम होता. नवरी सासरी निघताना त्यांचा बँड वाजत नसे. रडवणारी एकही चाल त्यांनी बसवली नव्हती. बायकांचा पहिला हुंदका ऐकला की ते ढोल उतरवून चहाच्या हॉटेलात जाऊन बसत. म्हणत, "ज्याचं त्यानं रडावं. त्याला बँड कशाला लागतो?" त्यांची एकुलती एक लेक कमल लहानपणी त्यांच्यासोबत लग्नांना जायची. एकदा तिनं विचारलं, "आबा, नवऱ्या काहून रडतात?" मामा म्हणाले, "त्यांच्या बापाला वाजवता येत न्हाई म्हणून. तुझ्या वेळेला मी रेडकू वाजवीन. तू हसत जाशील." कमलनं ते धरून ठेवलं. शाळेत, विहिरीवर, सगळीकडं ती सांगायची की मी हसत जाणार आहे.

तिचं पुसेगावला जमलं. घर चांगलं, मुलगा समजूतदार. त्याचे वडील मात्र कडक. पांढरी टोपी, ताठ मान, आणि हसताना त्यांना त्यांच्या बायकोनंही पाहिलं नसावं. सगळं ठरल्यावर ते मामांना म्हणाले, "इवाई, एकच अट हाय. लग्नात तुमच्या गळ्यात ढोल नको. पोरीचा बाप चार लोकांत उड्या मारतो, हे आमच्या भावकीत बरं दिसत न्हाई." मी शेजारीच बसलो होतो. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बराबर हाय." परतताना जीपमध्ये, सेनगावच्या फाट्यावर मी विचारलं, "मामा, कमलला काय सांगणार?" ते बाहेर बघत म्हणाले, "सांगायचं काय भाचे. रेडकू राहिलं गोठ्यात."

लग्नाच्या दिवशी बाहेरगावचा बँड होता. मामांचे वाजवणारे पंगतीत वाढायला होते. चाचांच्या हातात वरणाची बादली, हिरवा कोट बुंदी वाढत होता. मामा नव्या धोतरात, फेट्यात पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच सरळ चालताना पाहिलं आणि ते सारखे अडखळत होते.

दुपार कलली. जीप मांडवाशी आली. बाहेरच्या बँडनं रडवणारी चाल धरली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कमल जीपशी येऊन थांबली. ती रडली नाही. मामांकडं बघून म्हणाली, "आबा, तुमी म्हणले होते."

"व्हय," मामा म्हणाले.

चहाच्या हॉटेलात जाऊन बसायची ही वेळ. मामा जागचे हलले नाहीत. मग त्यांनी पंगतीतला एक तांब्या उचलला, अंगठा बुडवला आणि व्याह्यांकडं वळून दोन्ही हात पसरले. "इवाई, गळ्यात काही न्हाई. बघून घ्या." आणि त्यांनी अंगठा जीपच्या बॉनेटवरून दाबून ओढला.

पत्राच तो, म्हशीऐवजी शेळी निघाली. रडवणारी चाल मधेच तुटली. मग पंगतीच्या पार टोकाकडून रेडकू ओरडलं. चाचांकडं क्लॅरिनेट नव्हतं, त्यांनी बादली कोपरात अडकवून तोंडाभोवती हात धरले होते. "उस्ताद, इधर हूँ मैं," असं म्हणत ते बादलीसकट वाकून वऱ्हाडात आईला शोधू लागले. कुणी पळी बादलीवर मारली, कुणी परातीवर. बाहेरच्या बँडवाल्यांनाही राहवलं नाही. कमल हसायला लागली ती थांबेचना. हसतच जीपमध्ये चढली. जीप निघाली तसे मामा तिच्या पुढं झाले आणि बॉनेट वाजवत उलटे चालू लागले. ड्रायव्हरनं गाडी पहिल्या गिअरवर ठेवली. पुढच्या सीटवर व्याही होते. वेशीपर्यंत काचेच्या अलीकडं ते आणि पलीकडं मामा, समोरासमोर.

वेशीपाशी मामा बाजूला झाले. व्याही खिडकीतून म्हणाले, "इवाई, बॉनेटला पोचे पडले."

"गाडी तुमची हाय का?"

"किरायाची."

"मंग वाजलेलं बरं."

व्याह्यांनी टोपी सारखी केली. ते हसले की नाही हे मला दिसलं नाही. कमल सांगते, सेनगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

पुढं डीजे आला. मामांनी त्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, "तेला पाय न्हाईत. बिचाऱ्याला उलटं कसं चालता यील?" लग्नांची बोलावणी हळूहळू कमी झाली, लाल कोट विटले. खोली मात्र त्यांनी सोडली नाही. चाचा रोज यायचे, दोघं दारात बसून जीपा बघायचे.

मामा गेले. दहाव्याला आम्ही अंगणात बसलो होतो. बँडमधल्यांनी ढोल आणून भिंतीशी ठेवला होता; वाजवणार कुणीच नव्हतं, रडण्याला बँड लागत नाही हा मामांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. कमल ढोलाकडं बघत होती. मग म्हणाली, "चाचा, रेडकू वाजवा."

चाचा म्हणाले, "बेटी, जवाब कौन देगा?"

"तुमी वाजवा तर."

चाचांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. रेडकू ओरडलं. ते पुन्हा ओरडलं. तेव्हा पुसेगावचे व्याही उठले. आता त्यांना काठी लागते. ढोलाशी जाऊन ते कष्टानं खाली बसले, तांब्यात अंगठा बुडवला आणि कातड्यावरून ओढला. काही आवाज आला नाही. त्यांनी अंगठा पुन्हा भिजवला, जरा दाबून ओढला. बारीक, चिरकी शेळी निघाली.

कमलनं तोंडाला पदर लावला. पदराआड ती हसत होती आणि रडतही होती. चाचा क्लॅरिनेट वाजवत, वाकून, माणसामाणसांतून त्या शेळीला शोधत निघाले. माझ्या समोर आले तेव्हा मी पाय आखडून त्यांना वाट करून दिली, आणि मग उठून दोन पावलं त्यांच्यासोबत गेलो.

निघताना जीपकडं जात असताना माझ्या लक्षात आलं की मी उलटा चालतोय. घर, अंगण, ढोलाशी बसलेले व्याही, दारात उभी कमल, सगळं बराच वेळ दिसत राहिलं.