नाकाचा फवारा आणि माझा आगाऊपणा

चूक माझीच होती. गोखिवऱ्यातल्या औषधाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मी काउंटरवरच्या बाईंवर ओरडलो, "खोटा माल विकता तुम्ही! फवारा मारल्यापासून माझ्या मुलीच्या नाकातून रक्त येतंय."

बाई पन्नाशीच्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "फवारा कोनी मारला?"

"मी."

"कसा, दाखवा."

मी मान मागे टाकून बाटली सरळ नाकात धरल्याचं दाखवलं.

"अवो भाऊ, नाक हाय ते, झाडाची कुंडी नाय!"

गिऱ्हाइकं हसली, पण बाई गंभीरच होत्या. त्यांनी एक रिकामी बाटली घेतली, हलवली आणि मान किंचित पुढे झुकवली. उजव्या हातातल्या बाटलीचं टोक डाव्या नाकपुडीत धरून कानाच्या दिशेला वळवलं. "मधल्या पडद्यावर मारलं की तो सोलवटतो. आनि जोरात ओढायचं नाय, फूल हुंगल्यासारखा श्वास घ्यायचा. आता मात्र फवारा बंद ठेवा नि पोरीला डॉक्टरला दाखवा."

मग त्यांनी मला करायला लावलं. माझं मनगट दोनदा सरळ केलं. इतका अपमान गिळून इतकं नीट शिकवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुलगी बरी झाली, तरी महिनाभर मी त्या दुकानावरून मान खाली घालून जात होतो. शेवटी एका संध्याकाळी गर्दी व्हायची वाट पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुमचं औषध चांगलं होतं. हात माझा चुकला आणि बोल तुम्हाला लावला. मला माफ करा."