सहा तासांची हवा

त्या अंतराळयानाच्या मालिकेचे एकूण सव्वीस भाग झाले. दर मंगळवारी रात्री नऊला एक. माझी दर तिसऱ्या आठवड्याला सेकंड शिफ्ट असायची. त्यामुळे माझे नऊ भाग चुकले आणि ते नऊही मला स्टोअरभाऊंनी सांगितले. गुरुवारी आम्हा दोघांच्याही कंपन्यांना सुट्टी. चिंचवडच्या चाळीत त्यांच्या उंबऱ्याशी आम्ही दोघं बसायचो. वहिनी आत स्वयंपाकाला.

भाऊ कंपनीत स्टोअर सांभाळायचे, म्हणून हे नाव. नट-बोल्ट मोजून द्यावेत तसा ते भाग सांगत. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. मध्येच "थांबा राव, एक राहिलं" म्हणून मागं जायचे आणि राहिलेलं सांगूनच पुढं सरकायचे.

अशाच एका चुकलेल्या भागात त्यांनी मेकॅनिक सांगितला. अंगात ताप असताना कप्तानाने त्याला यानाबाहेर अँटेना दुरुस्त करायला पाठवलं. तो परत आलाच नाही. पुढचे दोन भाग मी स्वतः पाहिले. त्यांत त्याचा उल्लेखही नव्हता.

"नावसुद्धा काढत नाहीत हो कुणी त्याचं," मी म्हणालो.

"घरातलं माणूस गेलं की आधी सगळे बोलतात," भाऊ म्हणाले. "पुढं पुढं कुणी नाव काढलं की बाकीच्यांचा घास थांबतो. मग नाही काढत."

"हवा किती होती त्याच्याकडे?"

"सहा तासांची."

"आणि यानात दिवस गेले अकरा. म्हणजे मेला की, भाऊ. यात कोडं कसलं?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "तुमचा हिशेब चुकत नाही कधी," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या भागांत मेकॅनिक नव्हता.

मालिका अर्धवटच बंद पडली. कुलूप लावलेल्या खोलीत काय होतं, संदेश कोण पाठवत होतं, काहीच कळलं नाही. चाळीत सगळे चिडले. भाऊ म्हणाले, "बनवणाऱ्यालाच माहीत नसेल, तर तो काय दाखवणार?"

गेल्या वर्षी भाऊ गेले. यंदा ती मालिका मोबाइलवर मिळाली. चुकलेले नऊ भाग पाहिले, मग सगळे सव्वीस. यानात पहिल्या भागात चौदा माणसं आहेत, शेवटच्या भागातही चौदाच. मेकॅनिक नाही. अँटेना बिघडतच नाही.

वहिनी आता चऱ्होलीला मुलीकडे असतात. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"ह्यांचा धाकटा भाऊ तो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चाळीत यायच्या आधीची गोष्ट. तापाने फणफणला होता. खाडा नको म्हणून ह्यांनीच उठवून फर्स्ट शिफ्टला पाठवला. कंपनीत पोचलाच नाही. सायकलही सापडली नाही." मग म्हणाल्या, "मेकॅनिकचं ऐकून तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

मी जे म्हणालो होतो, ते शब्दाला शब्द सांगितलं.

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "त्या वर्षी पितृपक्षात ह्यांनी पहिल्यांदा त्याच्या नावाचं पान काढलं. सासूबाई म्हणत होत्या, पोरगा जिता असला तर? ह्यांनी ऐकलं नाही. पान पत्र्यावर ठेवलं आणि दुपारपर्यंत खाली उभे राहिले."

पानाला कावळा शिवला का, हे विचारणं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. विचारलं नाही.