न दिसणारा नंबर

लग्नाच्या व्हिडिओचं दुकान असलं की सीझनमध्ये हार्ड डिस्क भरते. किस्से त्याच्या आधीच भरतात, आणि ते न्यायला कोणी येत नाही.

वणीत माझ्या काकांचा स्टुडिओ आहे. कॉलेज संपवून मी तिथे एडिटिंगला बसले आणि व्हिडिओच्या प्रत्येक कॉपीत वेगळा, लपलेला नंबर टाकायला लागले. चित्राचा उजेड कुठे कणभर कमी, कुठे कणभर जास्त. डोळ्यांना कळत नाही, सॉफ्टवेअरला वाचता येतं. व्हिडिओ बाहेर फिरला, तर कोणाच्या कॉपीतून गेला ते सापडतं.

काका म्हणाले, “दिसतच नाही, तं टाकून राह्यली कायले?”

त्यांचा उपाय म्हणजे स्टुडिओचं नाव मधोमध. एका लग्नात ते बरोबर नवरदेवाच्या तोंडावर बसलं. मी समजावणं सोडून दिलं.

*

मुकुटबनच्या एका नवरीच्या वडिलांना काकांनी हे नंबरचं सांगून टाकलं. ते चष्मा पुसून तीन तास टीव्हीसमोर बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

“नंबर काही गवसला नाही. पण माह्या साडूनं तीनदा जेवण केलं, ते दिसलं.”

*

पहिल्यांदा एक व्हिडिओ बाहेर फिरला, तेव्हा मी नंबर काढला. पाच. पाच नंबरची कॉपी कोणाला दिली होती? काकांनी आठवायला डोळे मिटले.

“जो आधी आला, त्याले देल्ली!”

तेव्हापासून यादी मी लिहिते.

*

मग शबानाची मंगनी. फक्त बायकांचा कार्यक्रम, कॅमेऱ्यावर मी. एकाही पुरुषाने बघायचं नाही, या शब्दावर मला बोलावलं होतं. चार कॉपी, चार बायकांना.

आठवड्याने नवरदेवाच्या बहिणीला भावाच्याच मोबाईलवर शबानाचा नाच दिसला. शबानाच्या खाला, म्हणजे मावशी, सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे दुकानातूनच गेलं. तसं ठरलं असतं, तर वणीतल्या एकाही घरात बायकांच्या कार्यक्रमाला मला कोणी बोलावलं नसतं.

मी ती क्लिप मागवली आणि शबानाच्या घरी, बैठकीच्या खोलीतच लॅपटॉप उघडला. नंबर निघाला तीन. यादी काढली. नाव वाचायच्या आत शबाना म्हणाली, “मैंनेच भेजा. निकाह उन्हींसे है ना?”

तिच्या अम्मी चहा ठेवायला आत गेल्या. मी लॅपटॉप मिटला.

खाला मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. त्यांनी मागे वळून बघितलं, कोणी नव्हतं.

“बेटी,” त्या हळूच म्हणाल्या, “मेरेवाली कॉपी का नंबर मिटता क्या?”