डेल हकाबीला मिळालेल्या टाळ्या

डेल हकाबीला भारी सोस होता तो टाळ्यांचा. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून कॉलेजच्या बेसबॉल सामन्यांना तो डाव्या रेषेबाहेर स्टूल टाकून बसायचा. रेषेबाहेर गेलेला चेंडू उचलायचा, एवढंच काम. पण एकेकाळी मैदान गाजवलेला गडी, नुसतं उचलून त्याचं कसं भागणार? उसळता चेंडू तो बसल्या जागी एका हातानं टिपायचा आणि टोपी काढून प्रेक्षकांना सलाम ठोकायचा. "अरे, घ्या की म्हाताऱ्याला संघात!" कोणीतरी ओरडायचं. डेल आठवडाभर त्यावर खूश असायचा.

"चेंडू उचलायला जातोस की मिरवायला?" बायको ओपल विचारायची.

यंदा कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाची, अजिंक्यपद स्पर्धा त्यांच्याच मैदानावर होती. उपांत्य सामन्याच्या शेवटच्या डावात यजमान एका रननं मागे होते आणि दोघं बाद झाले होते; तिसरा गेला की सामना खलास. पहिल्या बेसवर त्यांचा कोल्टन होता. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. हरले की त्याचा खेळ कायमचा संपणार होता. फटका बसला. चेंडू तिसऱ्या बेसवरून सणसणत डेलकडे आला आणि डेलनं तो एका हातानं झकास टिपला. टोपीही काढली.

टाळ्या पडल्या, सवयीच्या. मग एकदम थांबल्या.

चेंडू रेषेच्या आत पडला होता, म्हणजे खेळ चालूच होता आणि डेलनं त्याला हात लावायचा नव्हता. तो कोपऱ्यात घरंगळत गेला असता, तर कोल्टन धावत चौथ्या, म्हणजे घरच्या बेसवर पोचून बरोबरी झाली असती. पंचांनी हात वर करून खेळ थांबवला. पोरगा नक्की पोचलाच असता असं सांगता येत नाही, म्हणाले, आणि त्याला तिसऱ्या बेसवर उभं केलं. पुढचा गडी तीन चेंडूंत बाद झाला आणि सामना गेला.

डेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कोल्टन डोळे पुसत त्याच्याकडे आला.

"होतं असं, मिस्टर डेल. माझ्या हातूनही सुटलेत चेंडू."

"तुझ्या हातून सुटले, पोरा. माझ्या हातून सुटायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता, दोन परक्या संघांचा. "नको जाऊस आज," ओपल म्हणाली.

"न जाऊन कसं चालेल? तिथं बसायला माझ्याशिवाय आहे कोण?"

तो गेला. मान खाली घालून स्टुलावर बसला. तिसऱ्याच डावात एक चेंडू रेषेच्या आत पडून त्याच्याकडे आला. डेलनं घाईघाईनं स्टूल छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चेंडू त्याच्या बुटांपुढून निघून गेला.

आणि सगळे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास, मिस्टर डेल!" पहिल्या रांगेत साध्या कपड्यांत कोल्टन उभा होता. तोही वाजवत होता, अगदी मनापासून, आणि तेच डेलला सोसवेना.

त्याचा हात सवयीनं टोपीकडे गेला. त्यानं टोपी काढली नाही. खाली ओढून डोळे झाकून घेतले.