बुधवारचे गुडघे

आम्ही चार रिटायर्ड नर्स एकत्र जमलो की आधी आपापली दुखणी निघतात आणि त्यांच्यामागून किस्से! माझ्याकडे तर मी नोकरी केली त्या परळच्या दवाखान्याचे इतके साठलेत की विचारू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. संधिवाताला थेट सांध्यात द्यायचं इंजेक्शन तेव्हा नवीनच आलं होतं. आमचे डॉक्टर ते फक्त बुधवारी द्यायचे. सुई काढली की पेशंटने अर्धा तास बाकावर बसायचं, आणि त्या बाकावर पहारा माझा.

*

भोईवाड्याचे एक वस्ताद आले. "सिस्टर, परवा मोर्चात तीन लाठ्या खाल्ल्या, हूं की चूं केलं नाही!" मग त्यांनी सुई बघितली आणि जागच्या जागी आडवे! डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, आता हलणार तरी नाहीत." आणि तेवढ्यात टोचून मोकळे झाले.

*

एकदा यादीतलं जुनं नाव खोडायचं राहिलं. मी आपली सवयीने ओरडले, "गणपत धोंडू!"

बाकावरून "हां" आलं. अगदी स्पष्ट. गणपतरावांना जाऊन पंधरा दिवस झाले होते हो! बाकावरचे पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. "सिस्टर, त्यांना सांगा, आता गरज नाही. पुढचा पेशंट!" हसावं की पळावं, मला कळेना.

*

आणि आमच्या आक्का. लालबागच्या चाळीतल्या, मूळच्या मालवणकडच्या. घरातलं माणूस जायचं असलं की आधी त्यांचा संधिवाताने आखडलेला उजवा गुडघा ठणकायचा. नवरा, दीर, थोरला मुलगा, तिन्ही वेळा ठणकला होता. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं आणि इंजेक्शन दिलं. गुडघा गप्प झाला. बारा वर्षांनी आक्का मांडी घालून जेवल्या.

पुढच्याच आठवड्यात मोर्चावर गोळी चालल्याची बातमी आली आणि आक्का धावत दवाखान्यात. एकच मुलगा उरला होता, बाबल्या, आणि तो त्या मोर्चात होता.

"डॉक्टरानू, माका माझा दुखणा परत द्या! झील जितो आसा काय नाय, ता माका कसा कळतला?"

डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. मी आक्कांना बाकावर बसवलं, हात धरून ठेवला.

तासाभराने बाबल्या दारात! चपला हरवलेल्या, शर्ट फाटलेला, पण धडधाकट. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. त्याला प्यायला पाणी द्यावं म्हणून उठले आणि माझ्याच उजव्या गुडघ्यातून अशी कळ आली की मी मटकन खाली बसले. जन्मात कधी गुडघा दुखला नव्हता माझा!

आक्कांनी मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला आणि अगदी हळू विचारलं,

"बाय, तुझ्या घरातला कोण गेला हा गो मोर्च्याक?"